उज्जैनचा राजीनामा

माधव नगर, उज्जैन
२ जुलै २०२०

चि. पल्लवी,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर अनोळखी दिसलं म्हणून बिचकू नकोस. मी भय्यासाहेब पोतनीस, तुझ्या मधुरा मॅडमचा सासरा. शनिवारी तुमचं काम आटोपलं की पडद्यावर येऊन शाळेतल्या कविता म्हणणारा जो म्हातारा आहे ना, तोच. कंपनीने तुला हेडफोन पाठवले त्या पार्सलच्या पावतीवरून तुझा अकोल्याचा पत्ता उतरवून घेतला. मधुराला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तिने पत्ता दिला नसता आणि हे पत्रही लिहू दिलं नसतं.

फोन करता आला असता. पण फोनवर समोरच्याचं बोलणं संपायच्या आत माझं सुरू होतं, अशी आमच्या माईची, म्हणजे माझ्या सौभाग्यवतीची, तक्रार आहे. पत्रात ती भीती नाही.

तुझा चेहरा मी पाहिलेला नाही. पण तुझा आवाज मला पाठ आहे. मे महिन्यात एका शनिवारी मी आमच्या चौथीच्या पुस्तकातली पहाटेची कविता म्हणत होतो आणि तिसऱ्या कडव्यात अडकलो. पुढची ओळ येईचना. सगळ्यांचे चेहरे आपापल्या चौकोनात हसरे, गप्प. आणि एका काळ्या चौकोनातून आवाज आला, ती ओळ घेऊन, अगदी चालीसकट! मी विचारलं, "हे पुस्तक तुझ्या वेळी कुठलं?" तू म्हणालीस, "माझ्या नाही, आजीच्या वेळी होतं. ती भाकरी थापताना म्हणायची."

बेटा, त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंदाने. आमच्या मराठी शाळेत कर्‍हाडकर मास्तर ही कविता टेबलावर फूटपट्टीने ताल धरून म्हणून घेत. आम्ही चाळीस पोरं तोंडं उघडून गात असू. खिडकीखाली एक मालवी बाई बोरं विकायला बसायची. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती आमच्या मागोमाग ओळ न् ओळ म्हणायची आणि चुकलो की खालून ओरडायची, "ओ छोरा होण, गलत बोल्या!" तिच्यानंतर माझी चूक दुरुस्त करणारी तूच.

आता मुद्द्याचं. परवा मंगळवारी जे झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. मुद्दाम नाही. मधुरा बोलते ती खोली आणि माझी पलंगाची जागा यांत एकच भिंत आहे. ती तुला सगळ्यांसमोर म्हणाली की कॅमेरा बंद असेल तर तू कामावर आहेस असं मी समजणार नाही, झोपली आहेस असं समजेन. तू कॉलच सोडून गेलीस. त्यानंतर दोन दिवस तू हो-नाहीपलीकडे बोलत नाहीस, आणि तीही नाही.

मधुराची बाजू सांगतो. ती मार्चात रंगपंचमीला आठवडाभर म्हणून आली आणि इथेच अडकली. सौरभ, माझा मुलगा, पुण्यात. तुमच्या कंपनीच्या घरपोच औषधांच्या गाड्या जागोजाग थांबलेल्या, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचे फोन दुपटीने वाढलेले. माणसं नऊ, आणि नऊही नऊ गावांत. कोण काय करतंय ते दिसत नाही, म्हणून ती बघायला जाते, आणि बघता येत नाही म्हणून चिडते.

मी जन्मभर जिल्हा कोर्टात रीडर होतो, म्हणजे जजसाहेबांच्या शेजारी बसून कागद पुढे-मागे करणारा. एवढंच पाहिलं की ताणण्यात कुणाचं भलं नाही. तेव्हा तू आपली राजीनामा करून टाक. मधुराच्याही मनात तेच आहे, पण तिच्या तोंडून निघणार नाही, पुण्याची आहे. तू लहान, तू पुढाकार घे. दोघींची सुटका होईल. इकडची काळजी नको, तिची समजूत मी घालतो.

आईवडिलांना माझा नमस्कार.

तुझा,
भय्यासाहेब


माधव नगर
१८ जुलै, शनिवार

चि. पल्लवी,

आज आमच्याकडे कविता झाली नाही. मी पाच वाजता धुतलेला सदरा घालून, केस विंचरून बसलो होतो. मधुरा दारातूनच म्हणाली, "बाबा, आज राहू दे." मग म्हणाली, "पल्लवी सोडून चालली."

हे काय केलंस? मी तुला राजीनाम्याचं सांगितलं आणि तू इस्तीफा पाठवलास! इतका राग?

मधुराने तुझी मेलवरची चिठ्ठी वाचून दाखवली. दोन ओळी. खाली लिहिलंयस, "भय्यासाहेबांचं म्हणणं पोचलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे करते आहे. त्यांना नमस्कार." माझं म्हणणं जर पोचलं, तर हे उलटं कसं झालं? टोमणा असेल तर तो मला लागला, पण कुठे लागला ते कळत नाही.

मधुराने मला काही विचारलं नाही. नुसतं बघितलं. सून सासऱ्याकडे असं बघते तेव्हा सासऱ्याने गच्चीवर जावं. मी गेलो. मोहल्ला शांत होता. इथे रविवारी सक्तीने सगळं बंद असतं, त्याची तयारी शनिवारपासूनच. राम घाटावर एरवी या वेळी किती गर्दी. आता पंडे लोकही घरी बसून फोनवरून संकल्प सोडतात म्हणे. यजमान नागपुरात, पंडा इथे, आणि शिप्रामाई मधल्यामध्ये. दूर बसून सगळं चालतं तर तुमचंच का चालू नये, असं मनात आलं.

खाली आलो तर मधुरा फोनवर कुणाला तरी समजावत होती, "नाही आजी, पल्लवी आज नाहीये. मी बोलतेय ना. नाही, तुमची गोळी निळी की पांढरी हे मला नाही माहीत, तुम्ही नाव वाचून सांगता का?" त्या आजींना नाव वाचता येत नव्हतं. त्यांना तूच हवी होतीस. बराच वेळ चाललं होतं ते. शेवटी मधुराने फोन ठेवला आणि कपाळ भिंतीला टेकलं. ते टेकल्याचा आवाज भिंतीच्या माझ्या बाजूला आला.

कंपनीच्या नियमाने तुझं नाव अजून महिनाभर पटावर आहे, तू कामाला आली नाहीस तरी, असं ती म्हणते. तेवढ्यात विचार बदल. तुझ्या घरात तुझ्याच पगारावर चूल आहे हे मला तुमच्यातल्या अनिकेतने सांगितलं होतं. रागावर घर चालत नाही, बेटा.

मी काय चुकलो तेवढं कळव.

भय्यासाहेब


१९ जुलै, रविवार

चि. पल्लवी,

कालचं पत्र पोस्टात टाकलेलं नव्हतं, सदऱ्याच्या खिशातच होतं. ते यासोबतच पाठवतो. आधी ते वाच आणि हस. मग हे वाच.

सकाळी चहाला मधुरा बाहेर आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाबा, एक विचारू? पल्लवीच्या मेलमध्ये तुमचं नाव का आहे?"

मी म्हणालो, "मी पत्र लिहिलं होतं तिला."

"कधी? कशाला? काय लिहिलंत?"

"चांगलंच लिहिलं. म्हटलं, ताणू नको, मधुराच्याही मनात तेच आहे, तू राजीनामा करून टाक."

तिने कप खाली ठेवला. "तुम्ही तिला राजीनामा द्यायला सांगितलात?"

"द्यायला नाही गं. करायला."

"करायला म्हणजे?"

"म्हणजे राजीनामा! दोन्ही पक्ष राजी. भांडण मिटलं. कोर्टात रोज होतात."

"आणि माणूस नोकरी सोडतो, त्याला तुम्ही काय म्हणता?"

"त्याला? इस्तीफा."

मधुरा माझ्याजवळ सरकली. मग अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "बाबा, महाराष्ट्रात त्यालाच राजीनामा म्हणतात."

पल्लवी, माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

तुला काय वाटलं असेल ते मी आता तुझ्या जागी बसून वाचून पाहिलं. 'राजीनामा करून टाक. मधुराच्याही मनात तेच आहे. दोघींची सुटका होईल.' अरे राम. सुनेने म्हाताऱ्याला पुढे करून नोकरीवरून काढलं, आणि तोही म्हातारा आधी कवितेचं गोड बोलून मग! याहून वाईट पत्र कुणी ठरवूनही लिहिलं नसतं.

मला ठाऊक नव्हतं असंही म्हणवत नाही. मराठी पेपर मी वाचतो. मंत्री राजीनामा देतात ते वाचलं आहे. पण वाचताना डोळे मराठी असतात, हात मात्र कोर्टाचा. आमच्या कोर्टात दोन भाऊ एका आंब्याच्या झाडापायी वर्षानुवर्षं यायचे, एकमेकांच्या सावलीला न थांबणारे. आणि मग एखाद्या दुपारी वकील आत येऊन म्हणायचा, "हुजूर, राजीनामा हो गया." त्या दिवशी सगळ्यांना चहा मिळायचा. जजसाहेबसुद्धा चष्मा पुसायचे. माझ्या सगळ्या नोकरीत त्या शब्दाइतका गोड शब्द मी ऐकला नाही. तोच तुला दिला होता गं.

आतून माई म्हणाली, "मला विचारा." ती अमरावतीची. "लग्नानंतर पहिलं भांडण झालं तेव्हा हे मला म्हणाले, चल, राजीनामा करू. मी ट्रंक काढून लुगडी भरायला घेतली होती."

मी म्हणालो, "तू माहेरी जायला निघाली होतीस ती त्यामुळे?"

"मग काय हौसेने?"

"मग थांबलीस कशी?"

"तुम्ही जलेबी घेऊन आलात. नोकरीवरून काढणारा जलेबी आणत नाही एवढी अक्कल मला होती."

"मग मला तेव्हाच सांगायचं ना!"

"सांगून काय, तुम्ही ऐकून घेता थोडंच? तुमचं आधीच सुरू झालेलं असतं."

मधुरा हसायला लागली. मार्चपासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता रडायला लागली. मग म्हणाली, "पण बाबा, मी तिला सगळ्यांसमोर बोलले ते तर खरंच बोलले. त्यात शब्दाची चूक नव्हती."

तिने लगेच तुला फोन लावला. तू कापलास. पुन्हा लावला. तुझ्या भावाने उचलला, "ताई शेतात गेलीय" म्हणाला आणि ठेवून दिला. रविवारी सकाळी शेतात जाशील, पण मागे शेत दिसलं नाही, कुकरची शिट्टी ऐकू आली. असो. मीही तेच केलं असतं.

मधुराचं पत्र याच पाकिटात आहे. मी वाचलेलं नाही. तिने ते खोलीत बसून तीनदा फाडलं आणि चौथ्यांदा लिहिलं, एवढंच मला भिंतीने सांगितलं.

उद्या सकाळी पोस्ट उघडलं की स्पीड पोस्टने टाकतो. तिथला बाबू मला म्हणतो, "बाबूजी, इस ज़माने में चिट्ठी?" उद्या त्याला सांगणार, चिट्ठीनेच बिगडा है, चिट्ठीच सुधारेगी.

तू माघार घे असं मी सांगणार नाही. कुठलाच सल्ला देणार नाही. माझे शब्द सध्या भरवशाचे नाहीत. फक्त एवढं मान की या घरात तुला कुणी जा म्हटलेलं नाही.

तुझा परेशान,
भय्यासाहेब


माधव नगर, उज्जैन
१० ऑगस्ट

चि. पल्लवी,

आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून सुटकेचा श्वास टाकून.

फोनवर आपलं सगळं बोलणं झालंच आहे, पण तुला भिंतीच्या या बाजूचं माहीत नाही. म्हणून लिहितो.

गेल्या पंधरवड्यात तू आमच्या घरच्या जुन्या फोनवर घंटी केलीस आणि मला बोलवलंस. मधुराला नाही, मला. माईने मला रिसीव्हर देताना बजावलं, "आधी तिचं संपू द्या." म्हणून मी गप्प होतो, तुला वाटलं तसा रागावून नाही. तू म्हणालीस, "भय्यासाहेब, मी पहिलं पत्र आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, बघ, मोठी माणसं काढतातसुद्धा किती मायेने." आणि मग तू फुटलीस, हसत की रडत ते मला कळलं नाही. त्यानंतर तू घराचं सांगितलंस. एकच खोली. भावाची बायको बाळंतपणाला माहेरी जाऊ शकली नाही, ती बाळंत होऊन तिथेच निजलेली. तू बाळंतिणीच्या खाटेकडे पाठ करून कामाला बसायचीस. कॅमेरा लावला असता तर तुझ्या पाठीमागे तीच दिसली असती, बाळाला पाजताना. हे तू मधुराला सगळ्यांसमोर कसं सांगणार? नऊ जणांत चार पुरुष.

हे मी मधुराला सांगितलं. ती उठली, गॅलरीत गेली, तुळशीला पाणी घातलं. सकाळी एकदा घातलेलं होतं. माईने तिला अडवलं नाही.

तू दोन अटी घातल्यास. कॅमेरा मागायचा नाही. आणि जे सगळ्यांसमोर बोललं गेलं, ते सगळ्यांसमोरच परत घ्यायचं. दुसरी अट ऐकून मी जरा घाबरलो. मधुराला मी ओळखतो. ती एकट्यात दहा वेळा माफी मागेल. चारचौघांत एकदाही अवघड.

पण त्याच्या आधी आणखी एक आडवं आलं. पुण्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, आता परत कशाला? नवी मुलगी मिळतेय, नेटवर्क चांगलं असलेली. मधुरा म्हणाली, "सर, ती कामावरून गेली ती माझ्यामुळे आणि माझ्या सासऱ्यांच्या पत्रामुळे." साहेब म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांचा कंपनीशी संबंध काय?" मधुरा म्हणाली, "काहीच नाही, तेच तर मी सांगतेय!" मग तिने त्यांना विचारलं, की जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतर माझ्या माणसांनी किती म्हाताऱ्यांचे फोन अर्धवट ठेवले ते बघा आणि मग सांगा. दोन दिवस उत्तर नाही. त्या दोन दिवसांत आमच्याकडे डाळ दोनदा करपली. शेवटी शुक्रवारी दुपारी मेल आला. 'घेता येईल.' एवढंच. मधुराने ते दोन शब्द मला पडद्यावर दाखवले. माझा चष्मा माझ्या डोक्यावर होता आणि मी तो घरभर शोधत होतो.

आज सकाळी तुम्ही सगळे जमलात त्याच्या आधी ती खोलीत येरझारा घालत होती. पलंगावरून मला पावलं कळत होती. मग तुम्ही आलात आणि ती बोलली, ते तू ऐकलंच. "पल्लवी, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तुझा अपमान केला. मला काही माहीत नसताना केला. माझं चुकलं." बस. पुढे 'पण' नाही. मी त्या 'पण'ची वाट बघत भिंतीला कान लावून बसलो होतो. तो आलाच नाही.

त्यावर अनिकेत म्हणाला ना, "मॅडम, तुमचा कॅमेरा बंद आहे." तेव्हा सगळे हसले. तुला एक सांगतो, तो चुकून बंद राहिलेला नव्हता.

आणि मग तिने प्रत्येकाला जे विचारलं ते मला फार आवडलं. तुमच्या घरात शांतता केव्हा असते? ज्याच्या घरी जेव्हा शांत, ती त्याची पाळी. भार्गवी म्हणाली पहाटे. तू म्हणालीस दुपारी, बाळ झोपतं तेव्हा. अनिकेत म्हणाला, "माझं लग्न झालंय मॅडम, माझी पाळी कुठलीच नाही." आमच्या शाळेत कर्‍हाडकर मास्तरांनी मुलांना असं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर धोबी आळीतला आमचा एक वर्गमित्र कदाचित चौथीच्या पुढे शिकला असता. त्याच्या घरी सकाळी भट्टी लागायची आणि शाळाही सकाळीच असायची. आज किती वर्षांनी त्याचा चेहरा आठवला.

बाळाचं नाव काय ठेवलं ते फोनवर विचारायचं राहिलं. कळव.

हे लिहीत असताना मध्येच थांबलो होतो, जेवायला. माईने नेहमीसारखं मधुराचं ताट खोलीत न्यायला घेतलं, कारण मार्चपासून ती तिथेच जेवते, एक कान फोनला लावून. तर ही बाहेर आली, पाट ओढला आणि माझ्या शेजारी खाली बसली. माई म्हणाली, "फोन आला तर?"

"पल्लवी आहे ना," मधुरा म्हणाली आणि कढी मागितली.

तुझा,
भय्यासाहेब